तांडेलाची चव

१

बासष्ट सालचा श्रावण. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती आणि काशीदच्या अलीकडच्या त्या कोळीवाड्यात वाळूवर चढवलेल्या होड्यांची डागडुजी सुरू झाली होती. दिनानाथ तांडेल अंगणात फाटकं जाळं सांधत बसला होता आणि गुणगुणत होता. वल्हवताना म्हणायचं गाणं, फक्त आवाज खाली घेतलेला.

ओट्यावर त्याची मुलगी नलू पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. परळच्या एका संशोधन संस्थेत जंतूंच्या विभागात ती साहाय्यक होती. जेमतेम रजा काढून आलेली. डोळे पुस्तकात होते, कान बापाकडे. तिची आई गेली त्या वर्षी हे गाणं घरातून नाहीसं झालं होतं. पुढे केसर दुसरेपणाची बायको म्हणून घरात आली आणि एका पावसाळ्यात गाणं परत ऐकू येऊ लागलं. नलूला ते कळलं होतं. ती त्याबद्दल कुणाशी बोलली नव्हती, केसरशी तर नाहीच. केसरशी तिचं बोलणं एवढंच: "वाढू का?" "वाढा." मावशी नाही, आई नाही, काहीच नाही. माणसाला हाक न मारता वर्षानुवर्षं बोलता येतं. फक्त वाक्य जरा जपून जुळवावं लागतं.

केसर तव्यावर गरम केलेली उग्र वासाची पानं घेऊन आली आणि दिनानाथच्या सुजलेल्या गुडघ्यावर फडक्याने बांधू लागली.

"हलू नको रं, लहान पोर हायस का?"

"लहान पोराला तू अशी भाजतेस?" दिनानाथ म्हणाला.

तेवढ्यात वाळूवरून भिकू, त्याचा धाकटा भाऊ, ओरडला, "दादूस, चवीला ये."

पौर्णिमेनंतरच्या पहिल्या सफरीची शिदोरी होडीवर चढायच्या आधी तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याने, चाखायची असा त्या घराचा रिवाज होता. वैशाखात गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, मीठ लावून तेलात बुडवून बरणीत भरायची आणि तोंड मेणाने बंद करायचं. श्रावणात बरणी फोडायची, आणि पहिला घास कच्चाच, तांडेलाचा. मीठ नीट लागलंय की नाही हे कच्चं चाखल्याशिवाय कळत नाही. आणि काही बिघडलंच असेल तर आधी म्होरक्याचं बिघडावं, खलाशांचं नाही.

त्या दिवशी बरण्या दोन होत्या. मोठीतला तुकडा चाखून दिनानाथने जीभ टाळूवर वाजवली. "लागलाय." मग धाकटी, पांढरी बरणी. तिच्यातला चांगला मोठा घास त्याने घेतला, डोळे मिटून खाल्ला. मिठाबद्दल काहीच बोलला नाही. "गोड हाय," एवढंच म्हणाला. केसर दुसरीकडे बघत होती.

रात्रीच्या जेवणाला त्याच धाकट्या बरणीतली थोडी गाबोळी केसरने तव्यावर लाल होईस्तोवर तळली. सगळ्यांनी खाल्ली.

"वयनी," भिकू म्हणाला, "दर्या एवढा दाराशी, आन तुला मीठ गावला न्हाय?"

"ताडीनं तुझ्या जिभेला गंज चढलाय," दिनानाथ हसून म्हणाला. "दुपारी मना पाजलीस आन सवता बी ढोसलीस. जेव गुमान."

नलूलाही गाबोळी अळणी लागली होती. पण ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनानाथ अंगणात उभा राहून समुद्राकडे बघत होता. बराच वेळ बघत होता.

"नलू," तो म्हणाला, "आपली होडी एक. मना दोन कशा दिसतान?"

२

दुपारपर्यंत त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. तो बोटाने त्या वर ढकलायचा, त्या परत खाली यायच्या. घसा कोरडा पडला. पाणी दिलं तर नाकातून बाहेर आलं. आवाज नाकात गेला आणि मग शब्दच कळेनासे झाले. अंगात ताप मुळीच नव्हता.

बोर्लीच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर आले. त्यांनी बॅटरी डोळ्यांवर मारली आणि नलूला बाजूला घेतलं.

"डोळ्यांच्या बाहुल्या केवढ्या झाल्यात बघा. तोंडात थुंकी नाही. मला हे धोत्र्याचं विष वाटतं. यांना अलिबागला हलवा."

पण अलिबागला जायचं म्हणजे रेवदंड्याची खाडी तरीतून ओलांडायची, आणि त्या दिवशी खाडीला उधाण होतं. नाव सुटत नव्हती.

नलू बापाच्या उशाशी बसली. त्याला बोलता येत नव्हतं, पण तिचा हात धरून तो काही सांगू बघत होता. त्याने तर्जनी उचलून वाळूकडे दाखवली, मग मूठ वळवून सैल केली. नलूला कळेना. केसरला कळलं.

"भरती चढली म्हनतो. होडीचा दोर सैल करा म्हनतो."

भिकू पळाला. खरंच, पाणी होडीपर्यंत आलं होतं आणि दोर तटतटला होता. दिनानाथने मान हलवली, बस झालं अशा अर्थाने.

त्यानंतर त्याचे हात उचलेनात. छाती वर यायची, पण कमी, मग आणखी कमी. ओहोटी लागली तसा श्वास थांबला. शेवटपर्यंत त्याला सगळं कळत होतं, हे नलूला त्याच्या बोटांवरून कळत होतं. ती रडली नाही. तिने त्याच्या पापण्या मिटायला हात पुढे केला, पण त्या आधीच मिटलेल्या होत्या.

अंगणात माणसं जमली. तेवढ्यात भिकू स्वयंपाकघरातून बाहेर आला. त्याच्या मुठीत पानांची जुडी होती.

"ह्यो धोत्रा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माज्या भावाच्या चुलीमागं कुनी ठेवला, ते इचारा तिला."

३

मुरूडहून फौजदार दयाराम म्हात्रे आले. पेणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातले. सावकाश बोलणारे. प्रेत तपासणीला गेलं, आणि फौजदार ओट्यावर बसून एकेकाला बोलावू लागले. नलूला त्यांनी जवळच बसवून घेतलं. "तुम्ही शिकलेल्या. काही चुकीचं ऐकलं तर सांगा."

पहिली आली शेजारची वेणूबाई.

"म्या माज्या डोल्यांनी बघितला, साहेब. रोज सांजला केसर देवलामागं जायची आन धोत्रा खुडायची. फुला न्हाय. पाना."

"पूजेला फुलं नेतात. पानं कशाला?"

"तेच तर म्या सांगतंय," वेणूबाई म्हणाली. "म्या कायतरी बोलले का? तुमीच बोललाव."

मग भिकू.

"तुम्ही त्या दुपारी भावाला ताडी पाजलीत," फौजदार म्हणाले.

"त्यातलीच म्या बी प्यालू."

"भाऊ गेला. आता होडीचा तांडेल कोण?"

भिकूने त्यांच्याकडे बघितलं. "साहेब, दादूसनं मना पोहाला शिकवला. त्याची होडी त्याच्याबिगर मना खायला उठतेय. पन तुमी इचारलाव ते बराबर हाय. मना बी धरा. पन तिला सोडू नका."

शेवटी केसर. डोक्यावरून पदर, नजर खाली.

"पानं कशाला?"

"गुडघ्याला बांदाला. सूज व्हती."

"चवीच्या दिवशी नवऱ्याला वेगळं काही खायला दिलंत?"

केसर गप्प राहिली. फौजदारांनी पुन्हा विचारलं. ती गप्पच. मग त्यांनी धाकटी पांढरी बरणी मागवली. बरणी पुढे आली तशी केसरची बोटं पदराभोवती आवळली. नलूने ते पाहिलं.

"ही बरणी वेगळी का?" फौजदारांनी विचारलं.

"मना म्हाईत न्हाय," केसर म्हणाली. बरणी तिनेच भरली होती.

फौजदारांनी झाकण काढून नाक जवळ नेलं. पुन्हा नेलं. "आम्ही मिठागरावरची माणसं. मासा बिघडला की वाऱ्यावरून ओळखतो. हिला कसलाही वास नाही. शिवाय ही तुम्ही सगळ्यांनी खाल्लीत, आणि ठणठणीत आहात. म्हणजे बरणी सुटली. राहिला धोत्रा." त्यांनी आवाज खाली आणला. "नलिनीबाई, शेजारणीचं बोलणं कोर्टात टिकत नाही. भिकूचंही नाही, त्याला होडी मिळते. पण मुलगी जर म्हणाली की धोत्रा मी हिच्या हातात पाहिला, तर ते टिकतं. तुम्ही पाहिलात का?"

गावात कुजबुज होती ती वाऱ्यावरची होती. नलूच्या तोंडून एक शब्द गेला असता तर त्या कुजबुजीचा फास झाला असता. आणि खरं सांगायचं तर तिने पाहिला होता. ती पानं गुडघ्याला बांधली जातानाही तिने पाहिली होती. पण गुडघ्याला बांधणारी बाई ती पोटात घालू शकत नाही असं थोडंच आहे? आणि ही बाई बरणी बघून का घाबरली?

"मी आत्ता जबानी देत नाही," नलू म्हणाली. "धोत्र्यानं माणूस बरळतो, फौजदारसाहेब. हवेत धागे धरतो, स्वतःच्या बायकोला ओळखत नाही. माझ्या वडिलांना बोलता येत नसताना भरतीची वेळ कळत होती. ते धोत्र्यानं गेले नाहीत."

"मग कशानं?"

"अर्धी बरणी मला द्या. अर्धी तुम्ही सरकारी तपासणीला पाठवा."

फौजदारांनी दुसरं भांडं मागवलं. "पौर्णिमेच्या आत परत या. त्यानंतर मला कुणाला तरी धरावंच लागेल. आणि ते कोण, हे गावानं ठरवलेलंच आहे."

निघताना तिने मागे बघितलं. विहिरीवर केसर कळशी घेऊन उभी होती, आणि बाकीच्या बायका तिच्यापासून लांब सरकल्या होत्या.

४

परळच्या प्रयोगशाळेत नलूने गाबोळी खलात घोटली, गाळली, आणि तो गढूळ रस सुईने पांढऱ्या उंदरांच्या पोटात टोचला. ताप नाही, शुद्ध आहे, आणि डोळ्यांपासून खाली एकेक स्नायू लुळा पडत जातो: हवाबंद डब्यातल्या अन्नात वाढणाऱ्या एका जंतूचं विष असंच करतं, हे तिने वाचलं होतं. ते विष असेल तर उंदीर संध्याकाळपर्यंत मरायला हवे होते.

संध्याकाळी उंदीर दाणे खात होते. दुसऱ्या दिवशीही खात होते.

विभागप्रमुख दस्तूरसाहेब पिंजऱ्यापाशी येऊन उभे राहिले. आयुष्यभर परळमध्ये राहूनही त्यांचं मराठी त्यांच्या पारशी घरातलंच होतं.

"दीकरी, उंदीर खोटा नाय बोलते. मच्छी साफ हाय." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "तू घरी जा. आपला माणूस गेला की आपल्याला सगळीकडे कारण दिसते."

नलूने मान हलवली. मासा साफ. म्हणजे राहिली केसर. तिला वाटलं होतं की हे कळल्यावर तिला निदान राग येईल. राग आला नाही. फक्त विहिरीवरची ती कळशी डोळ्यांसमोर आली.

टेबलावर फौजदारांची तार येऊन पडली होती. सरकारी तपासणीत कसलंही विष सापडलं नव्हतं. धोत्र्याबद्दल नक्की सांगता येत नव्हतं. जबानीसाठी ताबडतोब यावं.

तिने पिंजरे आवरायला घेतले. अगदी कोपऱ्यातला एक उंदीर दाण्यांकडे गेला नव्हता. तो जिवंत होता, पण त्याच्या कुशी आत ओढल्या गेल्या होत्या, कमरेला दोरी आवळल्यासारख्या. श्वास घ्यायला जोर लागल्यावर होतात तशा.

नलू त्याच्यासमोर बसून राहिली. जरा वेळाने उंदीर हलला, सावरला, आणि दाण्यांकडे गेला.

मासा साफ असता, तर हा आजारी कशाला पडला असता?

५

उत्तर तिला सापडलं ते तिच्या रोजच्या, कंटाळवाण्या कामात.

जंतू वाढवायला रस्सा लागतो. तो करायचा म्हणजे मांसाच्या खिम्यावर बकऱ्याच्या स्वादुपिंडाचा अर्क ओतायचा आणि ऊब द्यायची. स्वादुपिंड ही पोटातली एक ग्रंथी. अन्न पचवणारा रस तीच करते. त्या रसातलं प्रथिन सुरीसारखं काम करतं, मांसाचे बारीक तुकडे करतं. आपल्या पोटात रोज चालतं तेच इथे काचेच्या भांड्यात चालायचं. नलूने झाकण उघडलं आणि नेहमीचा तो घाण वास आला.

ती झाकण हातात धरून तशीच उभी राहिली.

मांस कुणीतरी कापल्याशिवाय असा वास येत नाही. कुजवणाऱ्या जंतूंकडे स्वतःची सुरी असते, म्हणून मासा बिघडला की वास सुटतो. फौजदारांच्या नाकाला वास आला नव्हता. पण त्याचा अर्थ बरणीत जंतू नव्हता असाच कशावरून? कदाचित असा जंतू होता, ज्याच्याकडे सुरीच नाही.

ती ग्रंथालयात गेली. दोन-चार वर्षांपूर्वी आलेल्या एका नियतकालिकात तिने ते वाचलं होतं, आणि वाचून विसरली होती. थंड समुद्रांकडे माशांत सापडणारी त्या जंतूची एक जात. ती वाढली तरी मासा नासत नाही. तिचं विषही तिच्यातून अख्खं बाहेर पडतं, न उघडलेलं, जवळपास निरुपद्रवी. त्याला एक ठरावीक छेद गेला की मग ते शेकडो पटींनी जहाल होतं. आणि तो छेद देणारी सुरी जंतूकडे नसते. ती खाणाऱ्याच्या पोटात असते.

तिने उंदरांना सुईने टोचलं होतं. विष आतड्यात गेलंच नाही, थेट अंगात गेलं, अख्खंच. बाने घास गिळला होता.

नलूने उरलेल्या रसाचे तीन भाग केले. एक तसाच ठेवला. दुसऱ्यात स्वादुपिंडाच्या अर्काची भुकटी घालून तो उबेत ठेवला. तिसऱ्यातही भुकटी घातली, आणि मग तो उकळला. आणखी एका पिंजऱ्यातल्या उंदरांना नुसतीच भुकटी टोचली, कुणी भुकटीलाच बोल लावू नये म्हणून. मग ती स्टुलावर बसली. जेवायला गेली नाही.

दिवस कलायच्या आत दुसऱ्या भागाच्या उंदरांच्या कुशी आत गेल्या. ते कुशीवर पडले, आणि त्यांची छाती, जशी बाची हलली होती तशी, कमी कमी हलत गेली. बाकी सगळे उंदीर पिंजऱ्यात पळत होते. उकळलेल्या रसाचेही.

दस्तूरसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"उंदीर खोटा नाय बोलला," ते म्हणाले. "आपण त्याला चुकीचा सवाल केला. पण ही तर थंड दर्याची चीज. इथे कुठून?"

"ते मला माहीत नाही, सर. पण बरणीत आहे."

उकळून धोत्रा मरत नाही. हे मेलं. म्हणून तळलेलं खाणारे सगळे वाचले, आणि रिवाजाप्रमाणे कच्चा घास घेणारा एकटा गेला. दोर सैल करायला सांगणारं त्याचं शरीर, त्याची रोजची भाकरी पचवणारं शरीर, त्याने आपलं नेहमीचंच काम केलं होतं.

कोडं सुटलं होतं, पण पुरतं नाही. बाच्या बापानेही बरण्या चाखल्या होत्या, कच्च्याच. कुणाला काही झालं नव्हतं. मग याच वर्षी का?

नलूला त्या रात्रीच्या ताटातली चव आठवली. भरपूर मिठात हा जंतू वाढत नाही. धाकट्या बरणीत मीठ नव्हतं. आणि बरणी पुढे आली तेव्हा केसरची बोटं पदराभोवती आवळली होती.

मीठ तिनेच काढलं होतं. का?

६

एसटीने पेणमार्गे अलिबाग. तिथून पुढे रेवदंड्याला जायच्या ऐवजी नलू आधी डॉक्टर टिपणिसांच्या दवाखान्यात गेली. तिच्या आईला शेवटी त्यांनीच तपासलं होतं. मीठ सोडायला सांगतात ते डॉक्टरच, आणि बाने कुणावर विश्वास टाकला असेल तर यांच्यावर.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला ओळखलं. दिनानाथ गेल्याचं त्यांना कळलं होतं. ती काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "मेंदूत रक्तस्राव झाला ना? मी त्याला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

डॉक्टर अडखळले. "म्हणजे तुला ठाऊक नाही. त्यानं शपथ घातली होती, पण आता शपथेचं काय घेऊन बसायचं. रक्तदाब, नलू. फार वाढलेला. मीठ बंद कर म्हटलं, समुद्र बंद कर म्हटलं. समुद्र नाही म्हणाला. मीठ बघतो म्हणाला. केसरला घेऊन आला होता. तिला इथेच, माझ्यासमोर बसवून वचन घेतलं: घरात कुणाला सांगायचं नाही. भिकूला कळलं तर तो होडीवर चढू देणार नाही, खलाशी आजारी तांडेलाबरोबर येणार नाहीत. आणि तुला कळलं तर तू नोकरी सोडून येशील."

नलूने विचारलं, "ती काही बोलली?"

"ती म्हणाली, जेवणात मीठ कमी घालीन, त्याला कळणार नाही असं. तो हसला. म्हणाला, मला कळणार नाही असं कोळ्याच्या घरात होतं का?"

बाहेर आल्यावर नलू बाजाराच्या तोंडाशी थोडा वेळ उभी राहिली. फौजदारांनी, गावाने, भिकूने विचारलं. केसरने वचन मोडलं नव्हतं. मेलेल्या माणसाला दिलेलं वचन, आणि ते पाळण्यासाठी ती फासावर जायला निघाली होती.

आता ती निर्दोष होती हे नलू सिद्ध करू शकत होती. फक्त ते सिद्ध करायचं म्हणजे एक गोष्ट केसरला ऐकवावी लागणार होती, आणि ती फासापेक्षा हलकी असेल असं नलूला वाटेना.

७

होडीपाशी माणसं जमली होती. नारळ तयार होता, पण भिकूने हट्ट धरला होता की दादूसचा मारेकरी गावात असताना दर्याला नारळ द्यायचा नाही. फौजदार एका उलट्या टोपलीवर बसले होते. केसर लांब, कुंपणाशी.

नलूने साध्या शब्दांत सांगितलं. तिने घाई केली नाही.

"जंतूचं विष कुलूपबंद पेटीसारखं होतं. बरणीत ते बंदच होतं. माणसाच्या पोटातला रस ती पेटी उघडतो. उंदरांना सुईनं दिलं तेव्हा पेटी बंदच राहिली. पोटातला रस आधी मिसळला, तेव्हा ते मेले."

"आमी बी खाल्लाव की," भिकू म्हणाला. "आमाला पोट न्हाय?"

"आपण तळलेली खाल्ली. चांगली आच लागली की ते मरतं. बाने तांडेलाची चव घेतली. कच्ची."

"वासाचं काय?" फौजदारांनी विचारलं.

"वास यायला मासा कुजावा लागतो. हा जंतू कुजवत नाही. ज्या कारणानं वास आला नाही, त्याच कारणानं विष बंद राहिलं. त्याच्याकडे सुरी नाही, साहेब."

फौजदार मिशीवरून हात फिरवत राहिले. "आमच्याकडे लहानपणी सांगायचे, मीठ कमी पडलं तर नाक सांगेल. म्हणजे नाकावरही भरवसा नाही." मग त्यांनी नको होता तोच प्रश्न विचारला. "पण मीठ कमी कुणी केलं?"

सगळे केसरकडे वळले. वेणूबाईसुद्धा.

"म्या," कुंपणापासून केसर म्हणाली.

भिकू उठला. नलू त्याच्या आडवी उभी राहिली.

"काका, बस. बाला रक्तदाब होता. अलिबागच्या टिपणीस डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. तुला सांगू नको, मला सांगू नको, असं वचन घेतलं होतं बाने. फौजदारसाहेब, तुम्ही त्यांना विचारू शकता. सफरीवरही त्याच्या पोटात मीठ जाऊ नये म्हणून धाकटी बरणी वेगळी भरली. त्याला दीर्घायुष्य मिळावं म्हणून."

भिकू वाळूत खाली बसला. "त्या राती म्या तिला हसलू," तो म्हणाला. "मीठ गावला न्हाय म्हनून." मग, "मना का न्हाय सांगला दादूसनं?"

"तू त्याला होडीवर चढू दिलं असतंस?"

भिकूने मान हलवली. नाही. मग तो उठला, कुंपणाकडे गेला, आणि केसरच्या समोर हात जोडून उभा राहिला. ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

फौजदार टोपलीवरून उठले. "यात गुन्हा मी कुणाच्या नावावर लिहू?" ते स्वतःशीच म्हणाले, आणि नलूला म्हणाले, "टिपणिसांकडे जाऊन येतो. तुम्ही नारळ द्या. दर्या थांबत नाही."

माणसं होडीकडे वळली. नलू कुंपणापाशी गेली. केसर खाली बसली होती, दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत.

"म्हंजे ह्याच हातांनी," ती म्हणाली. "लोका बोलत व्हती ती खराच बोलत व्हती."

"नाही."

"नलूबाय, तू शिकलेली हायस. मना खरा सांग. म्या मीठ घातला असता, तर तो वाचला असता?"

नलूला खोटं बोलता आलं असतं. तिने ते मनात जुळवूनही पाहिलं.

"त्या दिवशी वाचला असता," ती म्हणाली. "पुढे मिठानंच गेला असता कदाचित. कधी, ते कुणालाच सांगता आलं नसतं. तुम्ही त्याच्यासाठी केलं ते डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. बरणीत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि माझं तर ते कामच आहे."

केसरने मान डोलावली, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. तळहात तसेच उताणे होते. खाली वाळूवर पुरुषांनी होडीला खांदे लावले. कुणीतरी वल्हवायचं गाणं उचललं, आणि केसरने पदर तोंडाशी नेला.

नलू तिच्याशेजारी वाळूत बसली. इतकी वर्षं जपून जुळवलेली वाक्यं तिला एकाएकी आठवेनात. पुस्तकातली भाषाही आठवेना.

"तू घरात आलीस तवा बा परत गाना म्हनाला लागला, आये," ती म्हणाली. "मना म्हाईत व्हता. म्या कवा बोलले न्हाय."